दोन रमाबाई

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गाचे हजेरीपत्रक एकदा पाहा. त्यात दोन फातिमा असतील, तीन आयेशा असतील. हजेरी घेताना सर किंवा आपा वडिलांचे नाव जोडून हाक मारतात, म्हणजे घोटाळा होत नाही. नाव एक असले तरी मुली निराळ्या असतात. एकीला गणित आवडते, दुसरीला शिवणकाम आवडते, तिसरी मैदानावर सगळ्यांच्या पुढे धावते.

महाराष्ट्रात पूर्वी ‘रमा’ हे नाव असेच घरोघरी असे. रमा म्हणजे लक्ष्मी. स्त्रीच्या नावाला मान म्हणून ‘बाई’ हा शब्द जोडतात, जसा आपण ‘बी’ किंवा ‘बेगम’ जोडतो. म्हणून रमाबाई. या नावाच्या अनेक स्त्रिया आपल्या इतिहासात होऊन गेल्या. थोरले माधवराव पेशवे यांच्या पत्नीचे नाव रमाबाई होते. १७७२ साली पेशवे थेऊर येथे वारले, तेव्हा या रमाबाई सती गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नीही रमाबाईच. पती परदेशात शिकत असताना त्यांनी फार गरिबीत घर सांभाळले. १९३५ साली त्या वारल्या. पुढे बाबासाहेबांनी आपला एक मोठा ग्रंथ त्यांना अर्पण केला.

या दोघींच्या मधल्या काळात आणखी दोन रमाबाई होऊन गेल्या. एक रमाबाई रानडे आणि दुसऱ्या पंडिता रमाबाई. या दोघी एकाच वेळी एकाच शहरात राहिल्या. त्या एकमेकींना ओळखत होत्या. दोघींनाही वैधव्य आले. वैधव्य म्हणजे पती मरण पावल्यावर स्त्रीला येणारी अवस्था. त्या काळी विधवेचे जीवन तेथेच संपले असे लोक समजत. या दोघींनी ते संपू दिले नाही. त्यांच्या हातात एक गोष्ट होती. ती म्हणजे अक्षर. ते अक्षर त्यांनी कसे मिळवले आणि त्याचे पुढे काय केले, ते आता वाचा.

रमाबाई रानडे यांचे माहेर देवराष्ट्रे या गावी होते. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे माहेरचे आडनाव कुर्लेकर आणि नाव यमुना. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल तेव्हा होती. म्हणून यमुनेची रमा झाली. माहेरी सुखाची कमी नव्हती, परंतु मुलींना लिहायला-वाचायला शिकवण्याची रीत त्या घरी नव्हती. पुण्यात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली होती, पण तिचा वारा अजून सगळ्या गावांना लागला नव्हता. मुलीच्या हाती पुस्तक आले की घरावर संकट येते, असे मानणारे लोक पुष्कळ होते.

१८७३ साली यमुनेचे लग्न झाले. तेव्हा तिचे वय अवघे अकरा वर्षांच्या आसपास होते. पती महादेव गोविंद रानडे हे पुण्यात न्यायाधीश होते. ते मोठे विद्वान होते. त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. रानडे समाजसुधारक होते. त्यांनी एखाद्या विधवेशी लग्न करावे, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचे काही चालले नाही. त्यांना लहान मुलीशी लग्न करावे लागले. लोकांनी त्यांना नावे ठेवली. रानड्यांनी मनाशी ठरवले, की ही मुलगी आपल्या घरी आली आहे, तर तिला शिकवायचे. लग्नानंतर लगेच त्यांनी पाटी आणि पेन्सिल आणली आणि तिला मुळाक्षरे गिरवायला बसवले.

तुम्हांला वाटेल, नवराच शिकवणार म्हटल्यावर अडचण कसली? मुलांनो, अडचण घरातच होती. त्या मोठ्या वाड्यात सासू होत्या, नणंद होत्या, नात्यातल्या इतर वडीलधाऱ्या बायका होत्या. नवरा दिवसभर कचेरीत. रमाबाईंचा सारा दिवस या बायकांबरोबर स्वयंपाकघरात जाई. रात्री वरच्या मजल्यावर अभ्यास चाले आणि सकाळी खाली आल्यावर टोमणे सुरू होत. पुरुषाचे मन राखायचे म्हणून वर काय वाचायचे ते वाच, पण खाली ते दाखवू नकोस, असे त्यांना बजावले जाई. कोणी बोलणे सोडी, कोणी सगळ्यांसमोर नक्कल करी. सासरी कोणी बोलले तरी सहन करावे, नवऱ्याकडे चहाडी करू नये, अशी शिकवण वडिलांनी लग्नाच्या वेळी दिली होती. ती रमाबाईंनी पाळली. त्या उलट उत्तर देत नसत. मात्र अभ्यासही सोडत नसत.

मराठी वाचता येऊ लागल्यावर इंग्रजीचे धडे सुरू झाले. एकदा भांडी घासताना त्यांच्या हाती इंग्रजी वर्तमानपत्राचा एक तुकडा लागला. हातातले काम थांबवून त्या तो वाचू लागल्या. घरातल्या बायकांनी ते पाहिले आणि त्यांची फार थट्टा झाली. पुढे इंग्रजी शिकवायला हरफर्ड नावाची एक इंग्रज शिक्षिका घरी येऊ लागली. तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. त्या काळच्या ब्राह्मण घरांत सोवळे कडक असे. सोवळे म्हणजे स्वयंपाक आणि पूजा यांसाठी पाळायचे शुद्धतेचे नियम. आपल्या घरी पाक-नापाक पाहतात, त्यासारखेच हे समजा. परकीय बाईजवळ बसून शिकल्यामुळे सोवळे मोडते, असे घरातल्या बायकांचे म्हणणे पडले. म्हणून धडा संपला की रमाबाईंना पुन्हा आंघोळ करावी लागे. मगच त्यांना घरात वावरता येई. एक धडा शिकायचा तर इतका खटाटोप. तुमच्यापैकी कितीजण इतके करून शाळेत आले असते?

ही गोष्ट फक्त एका जातीची किंवा एका शहराची नाही, हेही लक्षात ठेवा. त्याच शतकात उत्तर हिंदुस्थानात बिजनौर भागात अश्रफुन्निसा बेगम नावाची एक मुलगी होती. शरीफ मुसलमान घरांत मुलींना कुरआन वाचायला शिकवत, पण लिहायला शिकवत नसत. मुलगी लिहू लागली तर कोणाला पत्रे लिहील, अशी भीती. अश्रफुन्निसाने तव्याची काजळी पाण्यात कालवली, तिची शाई केली आणि दुपारी सगळे झोपले असता अक्षरे गिरवली. पुढे ती लाहोरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. पुण्याच्या वाड्यातली रमा आणि बिजनौरची अश्रफ यांची कधी भेट झाली नाही. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण दोघींसमोरचे कुलूप एकच होते.

आता दुसऱ्या रमाबाईंकडे वळू. त्यांची गोष्ट अगदी उलट आहे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळ या रानातल्या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असे तेव्हाचे शास्त्री म्हणत. अनंतशास्त्र्यांनी कोणाचे ऐकले नाही. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते आपल्या मुलीला शिकवले. हे कुटुंब एका जागी राहत नसे. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जावे, तेथे पुराण सांगावे आणि जे मिळेल त्यावर पोट भरावे, असे त्यांचे जीवन होते.

पुढे दुष्काळ पडला. अन्न मिळेना. आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने आणि आजाराने गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास दोघेच उरले. ती भावंडे शेकडो कोस पायी हिंडली. १८७८ साली ती कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची एक मुलगी हजारो श्लोक तोंडपाठ म्हणते आणि संस्कृतात बोलते, हे पाहून तेथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेव्हापासून त्यांना पंडिता रमाबाई म्हणू लागले. पण सुख टिकले नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. हे लग्न जातीबाहेरचे होते. मनोरमा नावाची मुलगी झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने वारले. तेवीस वर्षांच्या रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन जगात एकट्या राहिल्या.

त्या वर्षी त्या पुण्याला आल्या. रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. स्त्रियांनी एकत्र जमावे, वाचावे, आपल्या अडचणींविषयी बोलावे, हा त्याचा हेतू होता. या सभांना जाणाऱ्या स्त्रियांमध्ये रमाबाई रानडे होत्या. एक रमाबाई लग्नाच्या घरात राहून गुपचूप शिकलेली. दुसरी रमाबाई घरच नसलेली, पण सभेत उभी राहून पुरुषांशी वाद घालणारी. रानड्यांच्या वाड्यातल्या बायकांना ही दुसरी रमाबाई मुळीच पसंत नव्हती. अशा बाईच्या संगतीने आपली सून बिघडेल, असे त्यांना वाटे. सुनेला पुन्हा बोलणी खावी लागली. तरीही ती सभांना जात राहिली.

त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेला हंटर आयोग पुण्यात आला. पंडिता रमाबाईंनी आयोगापुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार कराव्यात आणि स्त्रियांना डॉक्टर होता यावे, असे त्यांनी मांडले. पुरुष डॉक्टरांना दाखवण्याच्या संकोचाने कितीतरी स्त्रिया उपचारांवाचून मरत होत्या. म्हणून ही मागणी फार महत्त्वाची होती.

रमाबाई रानड्यांचीही परीक्षा लवकरच आली. पुण्यात मुलींसाठी इंग्रजी हायस्कूल हवे, अशी सुधारकांची मागणी होती. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर ही मागणी मांडण्यासाठी सभा भरली. मागणीचे इंग्रजी भाषण रमाबाईंनी वाचून दाखवावे असे ठरले. विचार करा, मित्रांनो. काही वर्षांपूर्वी जिला अक्षर ओळख नव्हती, जिने भांडी घासताना वर्तमानपत्राचा तुकडा वाचला म्हणून थट्टा सोसली, तिने भरसभेत, साहेब लोकांसमोर आणि शहरातल्या पुरुषांसमोर, परक्या भाषेत बोलायचे होते. रमाबाईंनी ते भाषण नीट वाचले. १८८४ साली मुलींचे हायस्कूल सुरू झाले. तीच पुण्याची हुजूरपागा शाळा. सभेहून घरी परतल्यावर मात्र कौतुकाऐवजी कठोर शब्द ऐकावे लागले. त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले.

१८८६ साली रानड्यांना सरकारी कामासाठी कलकत्त्याला जावे लागले. रमाबाईही बरोबर होत्या. तेथे रानड्यांनी बंगाली शिकायला घेतले. त्यांचा शिक्षक कोण होता, ऐकाल तर हसू येईल. दाढी करायला येणारा न्हावी! रानडे हाती बंगाली पुस्तक धरत आणि अडलेल्या शब्दाचा उच्चार व अर्थ न्हाव्याला विचारत. रमाबाईंना आधी गंमत वाटली. मग त्याही बंगाली शिकल्या.

भाषा शिकायला मोठा पंडितच लागतो असे नाही. आपल्या केळापूर तालुक्यात पाहा. पांढरकवड्याच्या बाजारात मराठी, उर्दू, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली कानावर पडतात. भाजी विकणारी बाई गिऱ्हाईक पाहून भाषा बदलते. तिला ती कोणी शाळेत शिकवलेली नसते. ती ऐकून शिकते, चुकत शिकते आणि चुकले म्हणून लाजत नाही. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. कागद, कलम, दप्तर, हजेरी हे शब्द तर दोन्हीकडे एकच आहेत. तेव्हा मराठी आपल्याला जमणार नाही, असे कोणी म्हणाले तर रमाबाईंचा तो बंगाली शिक्षक आठवा.

इकडे दोन रमाबाईंच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही बातमी कळताच महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. त्या वर्षी ११ मार्चला आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. भारतातल्या बालविधवांच्या दुःखावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि शाळेसाठी अमेरिकेत निधी गोळा केला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठी शाळा काढली. पुढच्या वर्षी ती पुण्यास आली.

रानडे या शाळेच्या सल्लागार मंडळात होते. शाळेत कोणावर धर्माची सक्ती होणार नाही, असे ठरले होते. पण काही मुली पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा वाद पेटला. मुलींना ख्रिस्ती केले जात आहे, असा आरोप वर्तमानपत्रांतून झाला. मुलींना आपण बोलावत नाही, पण दारही लावून घेणार नाही, अशी पंडिता रमाबाईंची भूमिका होती. अखेर १८९३ साली रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. चांगली माणसे चांगल्या कामातही कधी एकमेकांपासून दूर जातात. कोण बरोबर होते, यावर तेव्हाही लोकांची मते वेगळी होती आणि आजही आहेत. आपण एवढेच पाहू, की वाद झाला म्हणून दोघींपैकी एकीनेही मुलींना शिकवण्याचे काम सोडले नाही.

शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नावाच्या एका तरुण विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये लग्न केले. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई ठेवले. त्या काळी विधवेशी लग्न करणे म्हणजे बहिष्कार ओढवून घेणे. कर्व्यांनी तो सोसला आणि पुढे स्त्रीशिक्षणाचे फार मोठे कार्य केले.

पंडिता रमाबाईंनी पुण्याजवळ केडगाव येथे जमीन घेतली. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय, हे रमाबाई लहानपणी भोगून बसल्या होत्या. त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो अनाथ मुलींना व विधवांना केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर मुलींची संख्या आणखी वाढली. या वसाहतीला त्यांनी मुक्ती असे नाव दिले. तेथे मुली शेती करत, कापड विणत, तेल गाळत आणि छापखान्यात खिळेही जुळवत. म्हातारपणी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते तेथल्याच छापखान्यात छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली होती.

आता पुन्हा रमाबाई रानड्यांकडे येऊ. १८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि पतिपत्नी मुंबईला गेली. तेथे रमाबाईंनी स्त्रियांचे एक मंडळ चालवले. भाषा, शिवण, आजाऱ्याची शुश्रूषा असे विषय तेथे शिकवले जात. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. ज्याने पहिले अक्षर गिरवायला लावले, तोच माणूस गेला. रमाबाईंचे वय तेव्हा चाळिशीच्या आतच होते. त्या पुण्याला परत आल्या. सुमारे वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

पुढे काय करायचे? जुनी रीत सांगत होती, की कोपऱ्यात बसावे, देवाचे नाव घ्यावे आणि दिवस मोजावेत. रमाबाई कोपऱ्यातून उठल्या. त्या येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. त्यांच्याजवळ बसून त्या त्यांना चांगल्या गोष्टी वाचून दाखवत. ज्यांना कोणी भेटायला येत नसे, त्यांना भेटणारे एक माणूस मिळाले. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदी रमाबाईंची निवड झाली.

मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी १९०८ साली सेवासदन ही संस्था काढली होती. एक पारशी आणि एक सिंधी गृहस्थ, पण काम सगळ्या स्त्रियांसाठी. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. रमाबाईंनी त्यासाठी आपल्या घरातच वर्ग भरवले. जेथे त्यांना वरच्या मजल्यावर लपून वाचावे लागले होते, त्याच शहरात आता त्यांच्या घरी उघड्यावर बायकांचे वर्ग भरू लागले. गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोठी साथ मिळाली.

सेवासदनात गरीब आणि विधवा स्त्रिया लिहायला-वाचायला शिकत. काहीजणी शिक्षिका होत. काहींना ससून रुग्णालयात परिचारिकेचे, म्हणजे नर्सचे, शिक्षण घ्यायला पाठवले जाई. चांगल्या घरच्या बाईने परक्या माणसांची सेवा करावी, हे तेव्हा हलके काम समजत. लोक हसत, नाटकी बोलत. रमाबाईंना हसण्याची सवय लहानपणापासून होती. त्या डगमगल्या नाहीत. ज्या बाईला दुसऱ्याच्या घरी ओझे म्हणून राहावे लागत होते, ती स्वतः कमावू लागली आणि मान वर करून चालू लागली. हाच सेवासदनाचा खरा निकाल होता.

१९१० साली रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पतीच्या आठवणी म्हणून लिहिलेल्या या पुस्तकात त्या काळच्या एका सुनेचे सारे जीवन आले आहे. घरातल्या ज्या बायकांनी त्यांना छळले, त्यांच्याविषयीही त्यांनी कडवटपणे लिहिले नाही. त्या बायकाही न शिकलेल्या होत्या आणि जे ऐकले तेच खरे मानत होत्या, हे रमाबाईंना समजले होते.

१९२० च्या सुमारास पुण्याच्या नगरपालिकेत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा विचार चालला होता. पैसा कमी आहे, म्हणून आधी फक्त मुलग्यांना सक्ती करावी, असे काहीजण म्हणाले. रमाबाई साठीला आल्या होत्या. त्यांनी स्त्रियांचा मोर्चा काढला. मुलगे आणि मुली यांना एकच न्याय लावा, ही त्यांची मागणी होती. स्त्रियांना मत देण्याचा हक्क मिळावा, या चळवळीतही त्या पुढे होत्या. मुंबई इलाख्यात हा हक्क १९२१ साली मिळाला. १९२४ साली रमाबाई वारल्या.

सरकारने दोघींचीही टपाल तिकिटे काढली. रमाबाई रानड्यांचे १९६२ साली आणि पंडिता रमाबाईंचे १९८९ साली. तिकिटापेक्षा मोठी आठवण मात्र त्यांनी शिकवलेल्या स्त्रियांची आहे. एका रमाबाईला शिकण्यासाठी घरातल्यांचा रोष सोसावा लागला, दुसरीला घराने शिकवले पण जगाने घर दिले नाही. एक शांत राहून जिंकली, दुसरी वाद घालून. दोघींचा स्वभाव, धर्म आणि रस्ता वेगळा होता. पण मिळालेले अक्षर पेटीत बंद करून ठेवायचे नाही, ते दुसऱ्याच्या हातात द्यायचे, हे दोघींनीही केले.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या दादीला किंवा नानीला एक प्रश्न विचारा. तिला वाचता येते का? येत असेल तर ते कोणी शिकवले? येत नसेल तर कोणी अडवले? तिचे उत्तर नीट ऐका. आणि तिला शिकायची इच्छा असेल, तर पाटी आणि पेन्सिल घेऊन तिच्या शेजारी बसा.

स्वाध्याय

१. रानड्यांच्या वाड्यात रमाबाईंना अभ्यास करताना कोणत्या अडचणी आल्या?
२. पंडिता रमाबाईंना ‘पंडिता’ ही पदवी कोठे आणि का मिळाली?
३. हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी कोणत्या दोन मागण्या मांडल्या? त्या महत्त्वाच्या का होत्या?
४. सेवासदनामुळे गरीब आणि विधवा स्त्रियांच्या जीवनात कोणता बदल झाला?
५. तुमच्या गावच्या बाजारात कोणकोणत्या भाषा ऐकू येतात? त्यांतील पाच शब्द मिळवा आणि त्यांचे मराठी व उर्दू अर्थ लिहा.
६. दोन रमाबाईंपैकी कोणाचा मार्ग तुम्हांला अधिक पटतो? का, ते आठ-दहा ओळींत लिहा.